फॉरमॅट करण्याआधी एक सेल बदलून बघा

प्रश्न: आमच्याकडे सात वर्षांपूर्वी घेतलेला डेस्कटॉप आहे, विंडोज १०. गेल्या महिन्यापासून रोज सकाळी चालू केला की काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी येतात आणि एफ१ दाबायला सांगतात. मग विंडोज सुरू होतं, पण तारीख काही वर्षं मागची दिसते. बँकेची, मेलची, कुठलीच साइट नीट उघडत नाही; 'कनेक्शन सुरक्षित नाही' असं येतं. शिवाय पहिली पंधरा-वीस मिनिटं कशावरही क्लिक केलं तरी नुसतं गोल फिरत राहतं. सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली आहे. आणि आता कीबोर्डवर ॲटचं चिन्ह दाबलं की अवतरणचिन्ह उमटतं. दुरुस्तीवाले म्हणतात व्हायरस आहे, फॉरमॅट मारावा लागेल, तुमच्या फाइली डी ड्राइव्हमध्ये आहेत त्यामुळे काळजी नको. आम्ही रोज रात्री भिंतीवरचं बटण आठवणीने बंद करतो, बाकी वापर साधाच आहे. काय करावं?

उत्तर: फॉरमॅट इतक्यात नको. तुमच्या पत्रात एक नाही, चार वेगवेगळी दुखणी आहेत. ती एकाच महिन्यात आली म्हणून एकच रोग वाटतोय, इतकंच. त्यातलं पहिलं, तारखेचं, फॉरमॅट करूनही जसंच्या तसं राहील, कारण कॉम्प्युटरचं घड्याळ हार्ड डिस्कवर नसतंच. ते मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डावर असतं आणि एका बटणाएवढ्या सेलवर चालतं. त्यासाठी डिस्क पुसणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

या घड्याळाला दोन ठिकाणांहून वीज मिळते. भिंतीवरचं बटण चालू असेल, तर कॉम्प्युटर बंद असला तरी पॉवर सप्लायमधून पाच व्होल्टची स्टँडबाय लाइन मदरबोर्डपर्यंत येत राहते आणि घड्याळ त्यावर चालतं. बटण बंद केलं की सगळा भार सेलवर. तुम्ही रोज रात्री बटण बंद करता, म्हणजे सात वर्षं रोज रात्री तो सेल एकटा राबला आहे. सवय वाईट नाही, फक्त सेल जरा लवकर संपतो. संपला की रात्रीतून घड्याळ थांबतं, त्यासोबत बायॉसमधल्या (विंडोजच्याही आधी चालू होऊन यंत्र जागं करणारा, मदरबोर्डवरचा छोटा प्रोग्राम) सेटिंगही मूळपदावर जातात आणि सकाळी बायॉस तक्रार करतं. तुम्हाला दिसणाऱ्या दोन ओळींत 'सीमॉस' आणि 'चेकसम' किंवा 'बॅटरी' यांपैकी काहीतरी लिहिलेलं असेल. एकदा नीट वाचून बघा, मोबाइलने फोटो काढून ठेवा.

खात्री करायला पैसा लागत नाही. आज तारीख-वेळ हाताने बरोबर लावा आणि रात्री कॉम्प्युटर नेहमीसारखा बंद करा, पण भिंतीवरचं बटण चालू ठेवा. सकाळी तारीख बरोबर निघाली आणि एफ१ची ओळ आली नाही, तर सेलच गेला आहे.

साइट का उघडत नाहीत, तेही याच्यातच आलं. प्रत्येक सुरक्षित साइटकडे एक प्रमाणपत्र असतं आणि त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध' असं लिहिलेलं असतं. तुमचा कॉम्प्युटर काही वर्षं मागे उभा राहून ते वाचतो, तेव्हा त्याच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नसतं, म्हणून तो दार लावून घेतो. बिघाड साइटमध्ये नाही, इंटरनेटमध्ये नाही आणि हे व्हायरसचं लक्षणही नाही. मात्र त्या पानावर 'ॲडव्हान्स्ड' दाबून 'तरीही पुढे जा' करायची सवय लावून घेऊ नका, निदान बँकेच्या साइटवर तरी नाहीच. एखाद्या दिवशी इशारा खरा असेल आणि बोट सवयीने तेच बटण दाबेल.

आता कामाचा क्रम. सेल सोपा आहे म्हणून आधी कॅबिनेट उघडावंसं वाटेल, पण थांबा. पत्रातलं सगळ्यात काळजीचं वाक्य पंधरा-वीस मिनिटं गोल फिरण्याचं आहे. सात वर्षांची हार्ड डिस्क अशी वागत असेल तर ती नुसती म्हातारी आहे की मरायला टेकली आहे, हे कळेपर्यंत फाइलींची एक प्रत बाहेर हवी. आणि 'फाइली डी ड्राइव्हमध्ये आहेत' या आश्वासनावर विसंबू नका. घरगुती कॉम्प्युटरमध्ये सी आणि डी हे बहुतेक वेळा एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. सी पुसला तर डी वाचेल हे खरं, पण डिस्कच गेली तर दोन्ही जातील. शिवाय डेस्कटॉपवर, डॉक्युमेंट्समध्ये, डाउनलोड्समध्ये जे ठेवता ते मुळात सीमध्येच असतं, आणि फॉरमॅटमध्ये पहिला बळी त्याचाच जातो.

बाहेरची यूएसबी डिस्क जोडा. सी ड्राइव्हमध्ये 'यूझर्स' नावाचं फोल्डर आहे, त्यात तुमच्या नावाचं फोल्डर. त्यातली डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओज आणि डाउनलोड्स ही पाचही फोल्डर उचला, मग डीमधलं सगळं. ब्राउझरमधले बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड वेगळे एक्स्पोर्ट करावे लागतात; ते मात्र हमखास राहून जातात.

इथे तुमच्या बाबतीत एक खास खड्डा आहे. गेल्या महिनाभरात तारीख चुकलेली असताना ज्या फाइली तुम्ही साठवल्या, त्यांच्यावर जुनी तारीख पडली आहे. म्हणजे 'तारखेनुसार लावा' केलं तर तुमचं सगळ्यात ताजं काम यादीच्या तळाशी जाईल. आणि कॉपी करणाऱ्या एखाद्या प्रोग्रामला 'फक्त नवीन असेल तरच बदल' असं सांगून ठेवलं असेल, तर तो जुनी प्रत ठेवून नवी टाकून देईल. म्हणून या वेळी आधीच्या बॅकअपवर चढवू नका. नवं फोल्डर करा, त्याला आजची खरी तारीख नाव म्हणून द्या आणि सगळं त्यात ओता.

प्रत झाली की डिस्कची तब्येत. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, 'परफॉर्मन्स'मध्ये जा. डिस्कवर क्लिक केल्यावर ॲक्टिव्ह टाइम १०० टक्के दिसेल, आणि खाली वाचण्या-लिहिण्याचा वेग मात्र सेकंदाला एखाद-दोन एमबी. हे विचित्र वाटतं, पण त्याला कारण आहे. डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला साधारण ८.३ मिलिसेकंद. विंडोज सुरू होताना शेकडो छोट्या फाइली इकडून तिकडून मागते, अँटिव्हायरस त्याच वेळी तपासणी करतो, अपडेट आपलं काम काढतं आणि डिस्कचा हात सेकंदाला जेमतेम शंभरेक उड्या मारू शकतो. त्यामुळे डिस्क पूर्ण थकते, पण माल थोडाच वाहिला जातो. तिथेच 'ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम' बघा. काही दहा मिलिसेकंद असेल तर डिस्क फक्त कामाखाली दबलेली आहे. हजारांत जाऊन तिथेच अडकत असेल, किंवा डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर तिचे दिवस भरले आहेत.

त्याच खिडकीत 'मेमरी'कडेही नजर टाका. नुसता ब्राउझर उघडा असताना ती ८५-९० टक्क्यांवर असेल तर खरा दोष डिस्कचा नाही. रॅम अपुरी पडली की विंडोज जादाचा माल डिस्कवर उतरवून ठेवते आणि दर क्लिकला परत आणते. ४ जीबी रॅम असलेल्या यंत्रात हे रोजचंच आहे. ८ जीबी केल्यावर फरक लगेच जाणवतो.

डिस्कची आतली नोंदवही वाचायला 'क्रिस्टल डिस्क इन्फो' हा मोफत प्रोग्राम पुरेसा आहे. उघडल्यावर लांबलचक तक्ता दिसेल, त्यातल्या चारच ओळी बघायच्या. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदलून टाकलेल्या जागा, सी५ म्हणजे संशयित जागा, सी६ म्हणजे वाचताच न आलेल्या जागा. या तीन ओळींचे शेवटच्या रकान्यातले आकडे शून्य हवेत. शून्य नसतील तर वरचा निळा 'गुड' पिवळा झालेला दिसेल. चौथी ओळ सी७. फक्त हाच आकडा वाढत असेल तर बहुधा डिस्क ठीक असते आणि तिला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल सैल किंवा खराब असते. केबल बदलून भागणाऱ्या दुखण्यासाठी चांगल्या डिस्का टाकून दिल्या जातात. मात्र सी७चा जुना आकडा केबल बदलल्यावर शून्यावर येत नाही. तो वाढायचा थांबला की समजायचं. आणखी एक, या रकान्यातले आकडे सुरुवातीला सोळाच्या पद्धतीत असतात. मध्येच इंग्रजी अक्षर दिसलं तर गोंधळू नका.

सी५ किंवा सी६मध्ये आकडा असेल तर डिस्क दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका. 'चेक डिस्क' लावणं, डीफ्रॅगमेंट करणं, फॉरमॅट मारणं, या सगळ्यात तबकडीवर बरंच वाचावं-लिहावं लागतं, आणि आजारी डिस्कला तेवढे श्रम शेवटचे ठरू शकतात. अशा डिस्कवर विंडोज पुन्हा टाकून देणारा माणूस तुमचा एक महिना वाचवतो, त्यापुढे काही नाही.

डिस्क निरोगी निघाली तरी माझा कौल एसएसडीकडेच आहे, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या, चिपवर साठवणाऱ्या डिस्ककडे. सात वर्षांच्या यंत्रात इतका फरक पाडणारा दुसरा भाग नाही. अडीच इंची साटा एसएसडी घ्या. डेस्कटॉपमध्ये जुन्याच पद्धतीची डेटा केबल आणि पॉवरची केबल लागते. क्लोन, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत करायची असेल तर नव्या एसएसडीत सध्या भरलेला माल मावला पाहिजे, एवढं बघा. जुनी डिस्क निरोगी असेल तर ती साठवणीला राहू द्या. विंडोज कोरी टाकायची असेल तर ही वेळ योग्य: जुनी डिस्क केबल काढून बाजूला ठेवायची, नव्या एसएसडीवर विंडोज टाकायची, काही बिनसलं तर जुनं सगळं शाबूत. आधी सक्रिय असलेल्या विंडोज १०चा डिजिटल परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो, त्यामुळे तीच आवृत्ती टाकली तर ती इंटरनेट मिळताच सहसा स्वतःहून सक्रिय होते.

आता सेल. त्यावर 'सीआर२०३२' असं लिहिलेलं असतं: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, तीन व्होल्ट. २०२५ आणि २०१६ याच व्यासाचे आणि याच व्होल्टचे असतात, पण पातळ. ते खाचेत सैल बसतात आणि दुखणं अधूनमधून परत येतं. २०३२च आणा.

उघडण्याआधी बायॉसमधल्या पानांचे फोटो घ्या. चालू करताच डिलीट किंवा एफ२ दाबत राहिलं की बायॉस उघडतं. तीन गोष्टी टिपायच्या: बूट मोड यूईएफआय आहे की लेगसी, साटा मोड एएचसीआय आहे की रेड, आणि बूट ऑर्डरमध्ये पहिलं कोण. सेल काढला की या सेटिंग कारखान्यातून आल्या तशा होऊ शकतात. मूळ साटा मोड वेगळा असेल तर विंडोज निळ्या पडद्यावर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणते, आणि लोक डिस्क गेली म्हणून कपाळाला हात लावतात. तुमचं यंत्र रोज सकाळी एफ१नंतर बिनबोभाट सुरू होतंय, म्हणजे मूळ सेटिंगवर चालतंय, त्यामुळे तुम्हाला हा त्रास बहुधा होणार नाही. तरी फोटो असू द्यावेत. डिस्कला बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) लावलं असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या. बायॉस बदललं की ती मागितली जाऊ शकते.

विंडोज बंद करताना शिफ्ट दाबून धरून 'शट डाउन' करा, म्हणजे पूर्ण बंद होते. भिंतीवरचं बटण बंद, मागची वायर काढा, मग कॅबिनेटचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. समोरून बघताना डाव्या हाताची पत्र्याची बाजू बहुतेक कॅबिनेटमध्ये मागच्या दोन स्क्रूंवर असते. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करा. सेल मदरबोर्डवर सपाट बसलेला असतो, ग्राफिक्स कार्ड असेल तर कधी कधी त्याच्या खाली. कडेची छोटी धातूची जीभ नखाने बाहेर ढकलली की सेल उसळून वर येतो. स्क्रूड्रायव्हरने उचकटत बसू नका, खाच तुटते. नवा सेल बसवताना अधिकचं चिन्ह आणि अक्षरं वर, आणि जीभ 'टक' झाली पाहिजे. घरात लहान मूल असेल तर जुना सेल टेबलावर क्षणभरही ठेवू नका. असा सेल गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिका गंभीर भाजते. चिकटपट्टीत गुंडाळून थेट ई-कचऱ्यात द्या.

चालू केल्यावर एकदा शेवटचं एफ१ येईल. बायॉसमध्ये तारीख-वेळ घाला, फोटोंशी सेटिंग ताडून बघा, एफ१० दाबून साठवा. मग विंडोजमध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, डेट अँड टाइम. 'सेट टाइम ऑटोमॅटिकली' चालू करा आणि 'सिंक नाऊ' दाबा. हे स्वतःहून इतके दिवस का झालं नाही, असं वाटेल. घरगुती यंत्रात फरक पंधरा तासांपेक्षा जास्त असला तर विंडोजची वेळसेवा सहसा घड्याळाला हात लावत नाही. इतकं अंतर म्हणजे आपलंच काहीतरी चुकत असेल, असं ती धरून चालते. म्हणून आधी हाताने जवळपास आणून ठेवायचं. यानंतर तारीख बरोबर पण तास नेमके ठरावीकच मागेपुढे असले, तर सेलला दोष देऊ नका, त्याच पानावरचा टाइम झोन बघा.

लाल पट्टीचं काम त्या मानाने सोपं. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स. जुन्या अपडेटचे अवशेष, रीसायकल बिन, तात्पुरत्या फाइली यांवर खूण करा आणि काढून टाका. त्याच यादीत 'डाउनलोड्स'ही असतं. ते तुमचं खरं फोल्डर आहे, कचरा नाही. तिथे खूण करू नका. 'मागचं विंडोज इन्स्टॉलेशन' दिसलं आणि सध्याची विंडोज नीट चालत असेल तर तेही जाऊ द्या, एकटंच दहा-वीस जीबी सोडतं. सीमध्ये किमान १५-२० जीबी मोकळे राहिले पाहिजेत, नाहीतर अपडेट अर्धवट अडकतात. 'विनएसएक्सएस' नावाचं भलंमोठं फोल्डर दिसलं तर हाताने त्यातलं काही पुसू नका, आणि रजिस्ट्री साफ करून वेग वाढवणारे प्रोग्राम मुळीच नकोत.

वेगाचीच आणखी एक बाब. शट डाउन करून पुन्हा चालू केलं म्हणजे विंडोज ताजीतवानी सुरू झाली, असं नसतं. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना विंडोज आपला गाभा डिस्कवर गोठवून ठेवते आणि सकाळी तोच वितळवते. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूखाली 'अप टाइम' बघा, कित्येक दिवसांचा आकडा दिसेल. रीस्टार्टमध्ये मात्र ती खरोखर नव्याने सुरू होते. हार्ड डिस्क असेपर्यंत फास्ट स्टार्टअप बंद करू नका, सकाळची वाट आणखी लांबेल. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करा, पुरे. टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' यादीत ज्यांच्यापुढे 'हाय' लिहिलंय ते चॅटिंगचे, गाण्यांचे, अपडेट शोधणारे प्रोग्राम डिसेबल करा. त्याने ते उडत नाहीत, न बोलावता येणं तेवढं थांबतं.

विंडोज १० बद्दलही सांगायला हवं. तिचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी केलेल्या घरगुती ग्राहकांना तो १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतो. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. सात वर्षांपूर्वीचं यंत्र अगदी सीमेवर येतं, त्यामुळे मायक्रोसॉफ्टचा 'पीसी हेल्थ चेक' चालवून बघा. टीपीएम नाही असं आलं तरी हात टेकू नका. बऱ्याच मदरबोर्डवर ते असतं, पण बायॉसमध्ये बंद ठेवलेलं असतं. इंटेलच्या बोर्डावर ते 'पीटीटी' आणि एएमडीच्या बोर्डावर 'एफटीपीएम' या नावाने सापडेल. एसएसडी आणि रॅमवर खर्च करण्याआधी हे तपासा.

राहिला कीबोर्ड. बटण बिघडलेलं नाही. शिफ्ट आणि २ दाबल्यावर ॲटऐवजी अवतरणचिन्ह येतं, म्हणजे मांडणी अमेरिकन इंग्रजीवरून ब्रिटिशवर गेली आहे; ॲट आता एंटरशेजारच्या अवतरणाच्या बटणावर सापडेल. विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबला की मांडणी बदलते, आणि असंच कधीतरी नकळत दाबलं गेलं असणार. कायमचं काढायचं तर सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज, तिथे इंग्रजीवर क्लिक करून ऑप्शन्समधून ब्रिटिश कीबोर्ड रिमूव्ह करा. पासवर्डमध्ये ॲट असेल तर लॉगिनच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात कुठली मांडणी लिहिली आहे तेही बघा. पासवर्ड बरोबर असून चूक दाखवण्याचं कारण बऱ्याचदा तिथेच असतं.